क्रोनस, सॅटर्न आणि बळी : पदच्युत राजाचा एक दिवस

१

भिवंडीच्या ज्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो तेथे प्राचीन ग्रीस आणि रोम यांचा तास आला की फळ्यावर दोन रकाने आखायचे, ही जुनी रीत आहे. डावीकडे ग्रीक देव, उजवीकडे रोमन देव. झ्यूस म्हणजे ज्युपिटर, हेरा म्हणजे जुनो, पोसायडन म्हणजे नेपच्यून, एरीज म्हणजे मार्स, ॲफ्रोडायटी म्हणजे व्हीनस, क्रोनस म्हणजे सॅटर्न. मुले उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मी स्वतःही ती यादी अशीच उतरवून घेतली होती. देव दोन्हीकडचे एकच, फक्त नावे बदललेली, अशी माझीही बरेच दिवस समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या गावातून येणारा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, तिसरा रकाना पण आखा ना. आपले देव कुठं बसतात ते कळेल." वर्ग हसला. मी रकाना आखला. झ्यूस आणि ज्युपिटर ही नावे वेदांतल्या द्यौस् पित्याच्या नावाशी सख्खी आहेत, पण वज्र हातात घेऊन राज्य करण्याचे काम आपल्याकडे इंद्राचे. पोसायडनसमोर वरुण आला. सॅटर्नपाशी आलो तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "शनी." साऱ्यांनी मान डोलावली, मीही शनी लिहिला आणि तास संपला.

उत्तर चुकीचे नव्हते. ग्रहांच्या नावांनी सात वार मोजण्याची रीत ग्रीक-रोमन जगातूनच भारतात आली, आणि ज्योतिषांनी सॅटर्नचा वार तो शनिवार असा हिशेब लावला. पण हा हिशेब ग्रहाचा आहे, देवाचा नाही. शनीची साडेसाती लोकांना भिववते, त्याला तेल वाहून शांत करावे लागते. रोममध्ये सॅटर्नचा सण हा वर्षातला सर्वांत आनंदाचा दिवस होता, आणि त्या दिवसाची सर्वांत जास्त वाट गुलाम पाहत होते. मग हा शनी कसा?

आमच्या वर्गात मोमीन विणकरांची मुले आहेत, कामतघरच्या पद्मशाली घरांतल्या मुली आहेत, आगरी-कुणबी आहेत, आदिवासी आहेत, बौद्ध आहेत. तेव्हा 'आपले देव' या शब्दांतले 'आपले' कोण, हाही प्रश्नच आहे. माझ्या घरात देव्हारा नाही. तरीही तो तिसरा रकाना मला सोडवेना. घरी परतताना लक्षात आले की सॅटर्नसमोर लिहायचे नाव मला लहानपणापासून ठाऊक होते. ते नाव बळी.

२

ग्रीस-रोमचे देव आपल्याला दूरचे वाटतात. प्रत्यक्षात आमच्या शेजारच्या कल्याणचे नाव पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या टिपणवहीत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकट येथील यवनांनी दान दिले, असे त्या खांबांवरच कोरलेले आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या उत्खननात समुद्रदेवाची एक छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती रोमन व्यापाराबरोबर आली, पण तिला आपण ग्रीक नावाने पोसायडन म्हणतो. देव असे गलबतातून येतात, नाव बदलतात, मालक बदलतात. म्हणून दोन देवांची तुलना करताना नावे जुळवून थांबता येत नाही. त्या देवाकडे कोण काय मागत होते आणि त्याच्या दिवशी कोण कोणाच्या पंक्तीला बसत होते, हे पाहिले पाहिजे.

क्रोनस आणि सॅटर्न यांचे रकाने या कसोटीवर फार वेगळे निघतात.

क्रोनसची कथा हेसिअडने इ. स. पू. ७०० च्या सुमारास सांगितली. बाप युरेनस याला कोयत्याने खच्ची करून क्रोनस राजा झाला. आपली मुले आपल्याला पदच्युत करतील या भीतीने तो ती जन्मताच गिळू लागला. आई रीया हिने धाकट्या झ्यूसऐवजी कापडात गुंडाळलेला दगड त्याच्या हाती दिला. पुढे झ्यूसने दहा वर्षे युद्ध करून बापाला आणि त्याच्या साथीदारांना पाताळात, टार्टरसमध्ये, कोंडले. ही कथा जेत्याच्या बाजूची आहे. गेलेला राजा राक्षसच होता, म्हणून नव्या राजाने त्याला घालवले ते बरे झाले, असे ती सांगते.

पण त्याच हेसिअडने दुसऱ्या काव्यात याच क्रोनसच्या काळाला सुवर्णयुग म्हटले आहे. तेव्हा माणसे देवांसारखी निर्धास्त जगत, जमीन न कसता धान्य देई, म्हातारपणाचे हाल नव्हते. मुले खाणाऱ्या राजाच्या राज्यात हे कसे? या विसंगतीवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मला एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. हेसिअड बिओशियातल्या आस्क्रा गावचा शेतकरी होता. भावाशी त्याचा वाटणीचा तंटा होता, आणि न्याय देणारे सरदार लाच खातात अशी त्याची तक्रार होती. झ्यूसचे गुणगान त्याने केले, कारण राज्य झ्यूसचे होते. पण जगणे बरे कधी होते असे विचारताच त्याला आधीच्या राजाची आठवण झाली. एकाच तोंडून आलेल्या या दोन कथा म्हणजे दरबारची कथा आणि बांधावरची कथा.

सॅटर्नचे तसे नाही. तो रोमच्या भूमीतला जुना देव. रोमन लोक त्याचे नाव पेरणीच्या शब्दाशी जोडत. त्याचे मंदिर ऐन बाजारचौकात, फोरममध्ये होते. परंपरा त्याची स्थापना इ. स. पू. ४९७ ची सांगते. रोमन राज्याची तिजोरी याच मंदिरात असे. अथेन्समध्ये क्रोनसला रीयाबरोबर एक देऊळ होते खरे, पण ग्रीकांच्या पूजेत त्याला मानाचे स्थान कोठेच नव्हते. रोमने याच देवाच्या हाती खजिना दिला.

या दोघांना एकाच ओळीत बसवणारा पहिला लेखकही लक्षात ठेवण्यासारखा आहे. लिव्हिअस अँड्रोनिकसने होमरचे 'ओडिसी' लॅटिनमध्ये आणताना ज्युपिटरला सॅटर्नचा पुत्र म्हटले. हा टॅरेंटमचा ग्रीक माणूस. युद्धकैदी म्हणून रोममध्ये आला, गुलाम झाला आणि पुढे मालकाने त्याला मुक्त केले, असे परंपरा सांगते. इ. स. पू. २४० मध्ये त्याचे नाटक रोममध्ये झाले. लॅटिन वाङ्मयाचा आरंभ ज्याच्यापासून मोजतात तो, परंपरेप्रमाणे, गुलामगिरीतून आलेला माणूस आहे. आपण ज्या दोन रकान्यांना विद्वत्तेचे काम समजतो, त्यांतल्या पहिल्या काही ओळी त्याने लिहिल्या.

क्रोनसची कथा सॅटर्नला चिकटली तेव्हा रोमन लोकांनी तिचा शेवट बदलला. व्हर्जिलच्या महाकाव्यात ज्युपिटरच्या शस्त्रांपुढून पळालेला सॅटर्न पाताळात जात नाही. तो इटलीत येतो, डोंगरांत विखुरलेल्या माणसांना एकत्र करतो, त्यांना कायदे देतो, आणि त्याच्या राज्यात शांतता नांदते. ग्रीकांच्या कथेतला कैदी रोमनांच्या कथेत निर्वासित राजा झाला.

३

आता सणाकडे पाहू. अथेन्समध्ये उन्हाळ्यात, पीक हाती आल्यावर, क्रोनिया नावाचा सण होई. त्या दिवशी मालक आणि गुलाम एकत्र जेवत. रोममध्ये १७ डिसेंबरला सॅटर्नालिया सुरू होई. इ. स. पू. २१७ मध्ये, हॅनिबलशी युद्ध चालू असताना, त्याला सार्वजनिक मेजवानीचे रूप आले. पुढे तो अनेक दिवस चाले. न्यायालये बंद, शाळा बंद. एरवी मना असलेला फाशांचा जुगार खुला. लोक एकमेकांना मेणबत्त्या भेट देत. नागरिक आपला झगा उतरवून साधे कपडे घालत आणि डोक्यावर मुक्त झालेल्या गुलामाची टोपी चढवत. गुलाम मालकाच्या टेबलाशी बसे आणि मालकाचे अन्न खाई. काही घरांत मालकच वाढी.

मॅक्रोबिअस या पाचव्या शतकातल्या लेखकाने एक तपशील नोंदवला आहे. सॅटर्नच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या दोराने बांधलेले असत, आणि सणाच्या दिवशी तो दोर सोडत. राजा एक दिवस मोकळा होई, आणि त्याच्याबरोबर गुलामही.

ही मोकळीक किती खरी होती? होरेसच्या एका कवितेत त्याचा गुलाम डेव्हस या डिसेंबरच्या मुभेचा फायदा घेऊन मालकाला खरे ऐकवतो. 'मी तुझा गुलाम, तर तू तुझ्या वासनांचा गुलाम' असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. होरेस थोडा वेळ ऐकतो, मग भडकतो, आणि गप्प बस नाहीतर तुला शेतावर राबायला धाडीन अशी धमकी देतो. कविता तेथेच संपते. सण मालकाने दिलेला, म्हणून तो कुठे संपवायचा तेही मालकच ठरवतो. ज्या गुलामांनी एका दिवसावर समाधान मानले नाही त्यांचे काय झाले तेही इतिहासात आहे. इ. स. पू. ७३ ते ७१ मध्ये स्पार्टाकसबरोबर गुलाम उठले. त्यांचा पराभव झाल्यावर कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजारांना क्रुसावर चढवण्यात आले.

सॅटर्नचे राज्य परत येईल ही आशाही रोमने जपली. पण ती कोणाच्या हाती गेली? इ. स. पू. ४० च्या सुमारास व्हर्जिलने ते राज्य परत येत असल्याची ग्वाही एका कवितेत दिली. पुढे महाकाव्यात त्याने ते श्रेय ऑगस्टसच्या पदरात टाकले. खालच्या माणसांचे स्वप्न सम्राटाची जाहिरात झाले, आणि गुलाम गुलामच राहिले.

४

आता तिसरा रकाना. बळी हा प्रल्हादाचा नातू, विरोचनाचा पुत्र, असुरांचा राजा. दानशूर. बटू वामन तीन पावले जमीन मागतो, दोन पावलांत पृथ्वी आणि आकाश व्यापतो आणि तिसरे पाऊल देऊन बळीला पाताळात घालतो. ही कथा जुनी आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने महाभाष्यात 'बलिबंध' या आख्यानाचा उल्लेख केला आहे. म्हणजे बळीला बांधल्याची गोष्ट तेव्हाही लोकांपुढे मांडली जात होती. सॅटर्नचे पाय बांधलेले, आणि बळीही बांधलेला.

सर्वांत बोलका पुरावा बाहेरून आलेल्या माणसाचा आहे. अल्बेरूनीने इ. स. १०३० च्या सुमारास लिहून ठेवले की, सातव्या पाताळात कैद असलेल्या बळीला लक्ष्मी वर्षातून एकदा, दिवाळीच्या दिवशी, मुक्त करते आणि पृथ्वीवर येऊ देते. म्हणून या सणाला बळिराज्य म्हणतात. कृतयुगात असाच सुखाचा काळ होता असे लोक मानतात, आणि हा दिवस त्या काळासारखा असतो म्हणून आनंद करतात. गेलेले सुवर्णयुग, बंदिवान राजा आणि त्याची वर्षातून एक दिवसाची सुटका, हे तिन्ही त्यात आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात, कारण त्या दिवशी जुगाराला मुभा. दिव्यांचे तर सांगायलाच नको.

या साम्यावरून एकाने दुसऱ्याकडून घेतले असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पीक हाती आल्यावर राबणारा माणूस क्षणभर पाठ सरळ करतो आणि 'कधीतरी हे सगळे आपले होते' असे म्हणतो. तसे तो अथेन्समध्येही म्हणतो आणि मुरबाडमध्येही.

पण फरकही तितकाच मोठा आहे. क्रोनसला घालवायचे तर त्याला मुले खाणारा ठरवावे लागले. बळीवर असा एकही आरोप पुराणकारांना करता आला नाही. तो दिलेला शब्द पाळतो, हाच त्याचा अपराध. जेत्यांच्या ग्रंथात पराभूताची इतकी स्वच्छ प्रतिमा शिल्लक राहिली, याचा अर्थ लोकांच्या मनातली आठवण पुसण्याइतकी कच्ची नव्हती.

ही आठवण राजकारणात उतरवली ती जोतीराव फुल्यांनी. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना ती अर्पण केली. वामन हा बाहेरून आलेल्यांचा म्होरक्या, बळी हा येथल्या क्षेत्रवासीयांचा राजा, खंडोबा हे त्याच्या खंडांचे अधिकारी आणि म्हसोबा म्हणजे महासुभा, अशी मांडणी त्यांनी केली. भटांच्या घरी दसऱ्याला कणकेचा बळी करून त्याचे पोट फोडतात आणि इतरांच्या घरी बायका ओवाळताना बळीचे राज्य मागतात, हा विरोध त्यांनी नेमका टिपला. एकाच गावात एकाच राजाचा वधही साजरा होतो आणि त्याच्या परतीची वाटही पाहिली जाते.

जोतीरावांची ही पद्धत अशास्त्रीय म्हणून उडवून लावणारे पंडित आहेत. त्यांनी ग्रीसकडे पाहावे. इ. स. पू. ३०० च्या सुमारास युहेमेरस नावाच्या लेखकाने देव म्हणजे पूर्वीचे राजेच होत, असे मांडले. एका दूरच्या बेटावरच्या सोन्याच्या खांबावर युरेनस, क्रोनस आणि झ्यूस यांची राजे म्हणून नोंद आहे, अशी कथा त्याने रचली. एनिअसने त्याचे पुस्तक लॅटिनमध्ये आणले. पाश्चात्त्य विद्येत युहेमेरसच्या नावाने एक विचारपद्धतीच ओळखली जाते. मग जोतीरावांच्या वाट्याला टवाळी का? बळी नावाच्या राजाचा शिलालेख किंवा नाणे आपल्यापाशी नाही, आणि इतिहासाचा शिक्षक म्हणून मी ते असल्याचे भासवणार नाही. पण जोतीरावांचे खरे संशोधन बळीच्या सनावळीत नाही. पुराण कोणाच्या बाजूने लिहिले गेले हे त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न आजही पक्का उभा आहे.

५

येथे माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तुलना तिच्याशिवाय पुरी होत नाही.

माझे वडील मुरबाड तालुक्यातल्या खेड्यातून भिवंडीला आले आणि यंत्रमागावर लागले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी. आजी लहान असताना दिवाळीच्या पाडव्याला तिच्या आईबरोबर गावात ओवाळायला जाई. ताटलीत दिवा घेऊन दारोदार उभे राहायचे, घरधन्याला लांबून ओवाळायचे आणि म्हणायचे, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." मग ओटीवरून कोणी फराळाचा चुरा, शिळा भात, एखादा पैसा पदरात वरून टाकी. पदराला हात लागू नये म्हणून वरून. यालाच दिवाळीचे पोस्त म्हणत.

बळीचे राज्य मागणारी ती बाई महाराची होती, आणि ते मागण्याचा मोबदला म्हणून तिला उष्टे मिळत होते. रोमचा गुलाम निदान त्या एका दिवशी मालकाच्या टेबलाशी बसत होता. आमच्या पणजीला बळीच्या दिवशीही पायरी चढता येत नव्हती.

बाबासाहेबांनी रोमन गुलाम आणि येथला अस्पृश्य यांची तुलना केलेली आहे. ते लेखन त्यांच्या पश्चात १९८९ साली शासनाने काढलेल्या पाचव्या खंडात आले. रोमचा गुलाम शिकू शकत होता, वैद्य, शिक्षक, ग्रंथपाल, कारभारी होऊ शकत होता, कारण तो गुलाम असला तरी अस्पर्श्य नव्हता. अस्पृश्याला कायद्याने गुलाम म्हटले नाही, पण विद्येची आणि माणसांच्या सहवासाची दारे त्याला बंद होती. लिव्हिअस अँड्रोनिकससारखा माणूस पुढे येणे रोममध्ये शक्य झाले. आपल्याकडे त्याच्या जागी असलेल्याच्या कानावर वेदही पडू द्यायचा नव्हता. सॅटर्न आणि बळी यांच्या सणांतला फरक नेमका येथे आहे. देव सारखे असतील, समाज सारखे नव्हते.

केरळातही बळी आहे. ओणमला तो आपल्या प्रजेला भेटायला येतो आणि त्याच्या राज्यात सारी माणसे समान होती असे लोक गातात. तेथे सहोदरन अय्यप्पन यांनी ही समानता गाण्यात ठेवली नाही. १९१७ साली चेराई येथे त्यांनी पुलयांसह मिश्रभोजन घडवले. लोकांनी त्यांना 'पुलयन अय्यप्पन' म्हणून हिणवले, ते त्यांनी भूषण मानले. बळीच्या राज्याची खूण एका पंक्तीतले जेवण हीच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आमच्या गावात असे भोजन झाले नाही. तेथे जे झाले ते दुसऱ्या टोकाकडून झाले. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या वस्तीने दीक्षा घेतली, आणि १९५७ च्या पाडव्याला पणजी ओवाळायला गेली नाही. कोणीतरी निरोप धाडला, "पोस्त नको का?" तिने ताटली घरातच ठेवली. त्या सुगीला खळ्यावरचे बलुते बंद झाले. आजी सांगते, त्या वर्षी घरात दोन वेळा चूल पेटल्याचे दिवस मोजकेच होते. ज्या बाईने बळीचे राज्य मागणे थांबवले, तिनेच त्या राज्याकडे पहिले पाऊल टाकले, असे मला वाटते.

आज वर्तमानपत्रे शेतकऱ्याला सरसकट बळीराजा म्हणतात. २०१५ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबवण्यासाठी शासनाने हाती घेतलेल्या उपक्रमाचे नावही 'बळीराजा चेतना अभियान' होते. ऑगस्टसनेही सॅटर्नचे राज्य असेच वापरले होते. शिवाय ज्याच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती, त्या शेतमजुराला या बळीराजाच्या राज्यात कोणती जागा आहे, हे विचारायला आपल्याच लोकांना संकोच वाटतो. जोतीरावांचा बळी मान्य करायचा तर हा प्रश्नही मान्य करावा लागेल.

पुढच्या तासाला मी फळ्यावर पुन्हा तीन रकाने आखले, शनी पुसला आणि बळी लिहिला. का लिहिला ते सांगितले. क्रोनियातले जेवण, सॅटर्नच्या पायांतला दोर, अल्बेरूनीची नोंद, सगळे सांगितले. मग त्या खाली आणखी एक ओळ आखली : 'या दिवशी कोण कोणाबरोबर जेवले?' अथेन्स आणि रोम यांची घरे मुलांनी चटकन भरली. तिसऱ्या घरापाशी वर्ग थांबला. खाडीपलीकडचा तो मुलगा म्हणाला, "सर, आमच्या गावात विचारून येतो." मी ते घर मोकळे ठेवले.